खरेदीचा रकाना

शेअर विकला की त्याची नोंद आपोआप चार ठिकाणी होते. ब्रोकरकडे होते, शेअर बाजाराकडे होते, डीमॅट खातं सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीकडे होते आणि तिथून ती आयकर खात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात, म्हणजे सगळे ज्याला एआयएस म्हणतात त्यात, जाऊन बसते. खरेदीचं तसं नसतं. विकलेला शेअर मुळात कधी आणि कितीला घेतला होता, हे पुष्कळदा एकट्या घेणाऱ्याला ठाऊक असतं, तेही त्याला आठवलं तर. कर मात्र विक्रीच्या रकमेवर नसतो, विक्री आणि खरेदी यांच्या फरकावर असतो. म्हणून ब्रोकरची फाइल टॅक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवण्याच्या कामात माझा बहुतेक वेळ एकाच रकान्यावर जातो, तो खरेदीचा.

मी डोंबिवलीत आयकर रिटर्न भरून देण्याचं काम करते. आधी एका सीएंच्या ऑफिसात होते, नंतर स्वतःचं सुरू केलं. येणारे बहुतेक पगारदार नाहीतर पेन्शनर. रेल्वेतून, बँकेतून, शाळेतून निवृत्त झालेले काका-काकू, आणि रोज ऐरोलीला किंवा महाप्याला जाणारी त्यांची मुलं. पूर्वी या लोकांच्या रिटर्नमध्ये फॉर्म सोळा, बँकेचं व्याज आणि एलआयसीची पावती एवढंच असायचं. २०२० च्या टाळेबंदीनंतर चित्र पालटलं. फोनवरून डीमॅट खातं उघडता येत होतंच, आता लोकांना वेळही मिळाला. ज्या घरात वडिलांचं एक खातं होतं तिथे सगळ्यांची झाली. आता जून लागला की ईमेलवर फाइली येऊ लागतात. कोणी एक्सेल पाठवतं, कोणी पीडीएफ, कोणी मोबाइलच्या स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतं आणि खाली लिहितं, ‘ताई, एवढ्यात होईल ना?’

ब्रोकर जी फाइल देतात तिला ते ‘टॅक्स पी अँड एल’ म्हणतात. वर्षभरात काय विकलं, ते कधी घेतलं होतं, किती नफा, अल्पकालीन की दीर्घकालीन, असं सगळं त्यात असतं. आयकर खात्याच्या युटिलिटीला मात्र तीच माहिती स्वतःच्या साच्यात हवी असते. दीर्घकालीन नफ्याच्या, म्हणजे कलम ११२ए च्या, परिशिष्टासाठी सीएसव्ही चढवायची सोय आहे, पण रकान्यांचा क्रम तिचा. शेअर ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतला की नंतर, आयसिन म्हणजे शेअरचा ओळखक्रमांक, कंपनीचं नाव, नग, दर नगाचा विक्रीभाव, एकूण विक्री, खरेदीची किंमत, ३१ जानेवारी २०१८ चा बाजारभाव, विक्रीसाठी झालेला खर्च. त्या तारखेनंतर घेतलेल्या शेअर्सची एकच एकत्रित ओळ चालते. तिथे आयसिनच्या जागी ‘आयएन नॉट रिक्वायर्ड’ असा, बारा अक्षरांत बसावा म्हणून एक अक्षर गाळलेला शब्द टाकायचा आणि नावाच्या जागी ‘कन्सॉलिडेटेड’. खाजगी टॅक्स सॉफ्टवेअरचे साचे याहून वेगळे, आणि दर ब्रोकरची एक्सेल निराळी. कोणी वरच्या दहा-बारा ओळींत स्वतःचं नाव-पत्ता घालतो, कोणी मध्येच बेरजेची ओळ टाकतो, कोणी रकमेत लाखाचे स्वल्पविराम देतो. मग तो आकडा सॉफ्टवेअरला आकडाच वाटत नाही, अक्षरं वाटतात.

हे सगळं सरावाने जमतं. नको त्या ओळी काढायच्या, स्वल्पविराम काढायचे, रकाने हलवायचे. ज्याला एक्सेलची सवय आहे त्याला यात अवघड काही नाही, आणि मी त्यावर जास्त बोलणारही नाही. एका गोष्टीवर मात्र बोललंच पाहिजे, कारण ती गोष्ट कोणतीही एरर न देता हिशेब बिघडवते. ती म्हणजे तारीख.

आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. पुष्कळ कॉम्प्युटरवर एक्सेल अमेरिकन पद्धतीवर ठेवलेलं असतं, तिथे महिना आधी. ०५/०८/२०२४ ही आपली ५ ऑगस्ट. असं एक्सेल तिला ८ मे वाचतं आणि कुणाला काही न सांगता तसं साठवतं. २५/०८/२०२४ त्याला वाचताच येत नाही, कारण पंचविसावा महिना नाही. म्हणून ती तारीख तशीच अक्षरांसारखी पडून राहते. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. फरक एवढाच, की वाचलेली तारीख चौकटीत उजवीकडे चिकटते, न वाचलेली डावीकडे. फाइल उघडली की मी आकडे बघण्याआधी हे बघते. तारखांचा रकाना अर्धा डावीकडे आणि अर्धा उजवीकडे असेल, तर उजवीकडच्या सगळ्या तारखा संशयित.

२०२४-२५ या वर्षाने तारखांना आणखी वजन आणलं. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात त्याच दिवसापासून दर बदलले. दीर्घकालीन नफ्यावरचा कर दहावरून साडेबारा टक्के झाला, अल्पकालीनवरचा पंधरावरून वीस. दीर्घकालीन नफ्याची करमुक्त मर्यादा एक लाखावरून सव्वा लाख झाली. म्हणून त्या वर्षीच्या परिशिष्टात आणखी एक रकाना आला, विक्री २३ जुलैच्या आधीची की त्या दिवसापासून पुढची. ५ ऑगस्टची विक्री ८ मे झाली, की ती उडी मारून जुन्या दरात जाते. खरेदीच्या तारखेचंही तेच. ४ सप्टेंबर २०२३ ला घेतलेला शेअर ९ एप्रिलचा झाला आणि जून २०२४ मध्ये विकला, तर बारा महिने न भरताच तो दीर्घकालीन ठरतो. फाइल बिनबोभाट चढते. वर हिरवी खूण येते. त्या हिरव्या खुणेचा अर्थ इतकाच, की रकाने योग्य जागी आहेत. आतली तारीख खरी आहे का, हे तिला माहीत नाही आणि तिचं ते कामही नाही.

तारीख सुधारता येते, कारण मूळ फाइल हाताशी असते. खरेदीची किंमतच फाइलमध्ये नसेल तर?

ती का नसते, याला इतिहास आहे. १ ऑक्टोबर २००४ पासून एसटीटी, म्हणजे शेअरच्या खरेदी-विक्रीवरचा कर, सुरू झाला आणि तो भरलेल्या शेअर्सवरचा दीर्घकालीन नफा कलम १०(३८) खाली पूर्ण करमुक्त झाला. ही सवलत ३१ मार्च २०१८ पर्यंत होती. साडेतेरा वर्षं! इतक्या वर्षांत एक अख्खी पिढी निवृत्त झाली, आणि वर्षभर शेअर सांभाळला तर तो कितीला घेतला होता असं तिला कोणी विचारलं नाही. नफा करमुक्त म्हणून रिटर्नमध्ये एक आकडा दाखवला की झालं. कागद कशाला ठेवायचे? घरं बदलली, कपाटं बदलली, रंगकामाच्या वेळी जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोटा रद्दीत गेल्या. यात त्यांची चूक नव्हती. कायद्यानेच त्यांना तशी सवय लावली होती.

१ फेब्रुवारी २०१८ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी हा नफा पुन्हा करपात्र केला, पण आदल्या दिवसापर्यंतची वाढ सोडून दिली. नियम असा. ३१ जानेवारी २०१८ चा बाजारभाव आणि विक्रीची किंमत, यांतली जी कमी ती घ्या. ती आणि प्रत्यक्ष खरेदी, यांतली जी जास्त ती तुमची खरेदीची किंमत. काकांनी १९९९ मध्ये घेतलेल्या शेअरचा कागद नसला, तरी या नियमामुळे बहुतेक वेळा अडत नाही, कारण २०१८ चा भाव जुन्या खरेदीपेक्षा जास्तच असतो. हा नियम करणाऱ्याने अशा काकांचा विचार केला होता असं मला वाटतं, आणि त्याबद्दल मला आदर आहे.

पण ३१ जानेवारीचा भाव म्हणजे कोणता भाव? बाजार बंद होतानाचा नव्हे, त्या दिवशीचा सगळ्यात चढा. एक्स्चेंजची त्या दिवशीची भावकॉपी उतरवून घेता येते, तिच्यात उघडता भाव, उच्च, नीच, बंद असे सगळे रकाने असतात. मी ती एकदा उतरवून आयसिननुसार लावून ठेवली आहे आणि ब्रोकरच्या फाइलमधला भाव नेहमी तिच्याशी ताडून बघते. बंद भाव घातलेल्या फाइली माझ्याकडे आल्या आहेत. फरक शेअरमागे पाच-दहा रुपयांचा असेल. पण तो ज्याचा आहे त्याचा आहे, कायद्याने त्याला दिलेला आहे, मग तो सोडायचा का?

याहून मोठा घोळ स्प्लिट आणि बोनसचा. दोन्हीत नग वाढतात आणि बाजारभाव उतरतो, त्यामुळे फोनवरच्या अ‍ॅपला दोन्ही सारखेच दिसतात. ते सरासरी काढून मोकळं होतं. करासाठी मात्र ही दोन पूर्णपणे वेगळी प्रकरणं आहेत. दहा रुपयांचा शेअर फोडून दोन-दोनचे पाच केले, तर खरेदीची किंमत पाचात वाटली जाते आणि २०१८ चा भावही पाचाने भागायचा. आयसिन बदलतो, म्हणून जुन्या भावकॉपीत नवा क्रमांक सापडत नाही. जुना शोधावा लागतो. बोनसमध्ये तसं नाही. मूळ शेअर त्याच्या पूर्ण किमतीसह जागच्या जागी राहतो आणि नवा मिळालेला शेअर शून्य रुपयांचा, वाटपाच्या तारखेचा. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत मिळालेल्या बोनसला त्या दिवसाचा भाव मिळतो. नंतरच्याला काही नाही.

समजा, १०० शेअर ३०० रुपयांनी जुने घेतलेले आहेत. ३१ जानेवारी २०१८ चा चढा भाव १,०००. पुढे एकास एक बोनस आला, आता २०० झाले, आणि त्यातले १०० विकले ७०० रुपयांनी. आधी आलेला आधी जातो, म्हणून विकले गेले ते मूळचे. त्यांची खरेदी नियमानुसार ७०० धरायची, नफा शून्य. बोनसलाही स्प्लिटसारखं वागवणारी फाइल २०१८ चा भाव ५०० करते आणि २०,००० रुपये नफा दाखवते. पुढच्या वर्षी उरलेले १०० त्याच भावाने विकले, तर खरा नफा ७०,०००, आणि फाइल पुन्हा २०,००० म्हणणार. म्हणजे एका वर्षी नसलेला कर आणि दुसऱ्या वर्षी चुकलेला कर. दोन्ही वर्षी फाइल चढणार.

मग विलीनीकरण आणि विभाजन. एचडीएफसी लिमिटेड एचडीएफसी बँकेत २०२३ मध्ये विलीन झाली, तेव्हा २५ शेअरला बँकेचे ४२ मिळाले. १०० चे १६८ होतात. एकूण खरेदी तीच राहते, तारीखही मूळचीच. त्याच वर्षी जुलैमध्ये रिलायन्समधून जिओ फायनान्शियल वेगळी झाली. कंपनीने जाहीर केलं, की मूळ खरेदीतले ४.६८ टक्के नव्या शेअरकडे जातील आणि ९५.३२ टक्के जुन्याकडे राहतील. १,५०० ला घेतलेल्या रिलायन्समागे जिओची खरेदी ७० रुपये २० पैसे, आणि तारीख रिलायन्स घेतल्याची. काही फाइलींत हा नवा शेअर शून्याला आलेला दिसायचा, काहींत पहिल्या दिवशी ठरलेल्या २६१ रुपये ८५ पैशांना, तारीख मात्र सगळीकडे २०२३ चीच. ज्यांनी तो बाजारात आल्याआल्या विकला, त्यांचा नफा फाइलीत अल्पकालीन झाला होता. रिलायन्स वीस वर्षांपूर्वीचं असलं तरी.

कंपन्यांच्या अशा घटना निदान जाहीर असतात. घराच्या आत घडलेलं कोणत्याच संकेतस्थळावर नसतं.

माझ्याकडे एक काकू आल्या. यजमान २०२३ मध्ये गेले होते. त्यांचे शेअर वारसाहक्काने २०२४ च्या सुरुवातीला काकूंच्या डीमॅटमध्ये आले आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर, मुलाच्या घराच्या पहिल्या हप्त्यासाठी, त्यांनी ते विकले. ओळख राहू नये म्हणून आकडे बदलून सांगते. विक्री सहा लाखांची. ब्रोकरच्या फाइलीत खरेदीच्या रकान्यात शून्य, आणि खरेदीच्या तारखेच्या जागी शेअर काकूंच्या खात्यात आले ती तारीख. त्यामुळे सगळे सहा लाख अल्पकालीन नफा. वीस टक्क्यांनी कर १ लाख २० हजार, वर सेस. कुटुंब निवृत्तिवेतन करमुक्त मर्यादेच्या वर असल्यामुळे तिथूनही काही वाचत नव्हतं. मुलाने ती फाइल एका टॅक्सच्या संकेतस्थळावर आधीच चढवून पाहिली होती. ती एका फटक्यात चढली होती आणि एवढा कर दाखवत होती. पैसे तर हप्त्यात गेलेले. काकूंचा चेहरा उतरला होता.

‘काकू, हे शेअर काकांनी कधी घेतले होते?’

‘अगं, हेच बघायचे सगळं. मी कधी विचारलंच नाही. सकाळी पेपर आणि तो चॅनल, एवढं माहितीये.’

कायदा इथे स्पष्ट आहे. वारशाने आलेल्या शेअरची खरेदी म्हणजे आधीच्या मालकाची खरेदी, कलम ४९(१). काळही त्यानेच घेतलेल्या दिवसापासून मोजायचा. पण फाइल चढवताना कायदा सांगून उपयोग नसतो, आकडा लागतो. यजमानांचं जुनं खातं बंद झालेलं, आणि तिथून व्यवहारांचं विवरण मिळवायला मृत्यूचा दाखला, अर्ज, आठवडे. डिपॉझिटरीचं दर महिन्याचं एकत्रित विवरण त्यांच्या ईमेलवर यायचं. मुलाला तो ईमेल उघडता आला. त्या विवरणांतून कळलं, की शेअर २०१९ ते २०२१ या काळात खात्यात आले. तारखा मिळाल्या, भाव नाही. मग त्याच ईमेलमध्ये ब्रोकरच्या कॉन्ट्रॅक्ट नोटा शोधल्या. बहुतेक सापडल्या. त्या पीडीएफला पासवर्ड असतो, आणि तो बहुधा पॅन असतो. मुलाने वडिलांचा पॅन टाइप केला आणि पहिली नोट उघडली.

काही मधल्या तारखांच्या नोटा मिळाल्या नाहीत. तेव्हा काकू म्हणाल्या, ‘ह्यांची एक डायरी होती बघ, ती चालेल का?’ दुसऱ्या दिवशी डायरी आली. दरवर्षी एखाद्या कंपनीकडून भेट येते तसली मोठी डायरी, त्यात प्रत्येक खरेदी लिहिलेली. तारीख, कंपनी, नग, भाव, आणि शेवटच्या रकान्यात दोन-चार शब्दांत कारण. ‘कर्ज कमी झाले.’ ‘लाभांश नियमित.’ एका ठिकाणी ‘सध्या फक्त २०’. ज्या नोटा आमच्या हाती होत्या त्यांच्याशी डायरी ताडली. ब्रोकरेजचे पैसे सोडले तर नोंद न् नोंद जुळली. म्हणून ज्या नोटा नव्हत्या त्यांच्यासाठी डायरी धरली आणि बँकेच्या पासबुकात त्या दिवशी ब्रोकरला गेलेली रक्कम दाखवून तिला आधार दिला. एकूण खरेदी निघाली ३ लाख ८० हजार. नफा २ लाख २० हजार, दीर्घकालीन. सव्वा लाख वजा जाता ९५ हजारांवर साडेबारा टक्के, म्हणजे ११ हजार ८७५ आणि सेस.

१ लाख २० हजार आणि ११ हजार ८७५. दोन्ही आकडे एकाच सॉफ्टवेअरमधून निघाले, दोन्ही वेळा फाइल विनातक्रार चढली. मधल्या वाटेत एका माणसाने नीट अक्षरात लिहिलेली डायरी होती. माझ्या कामाबद्दल मला जे काही सांगायचं आहे ते या प्रकरणात सगळं आलं. ब्रोकरची फाइल त्या ब्रोकरपुरतं खरं बोलते. शेअर त्याच्याकडे आला त्या दिवसापासून तिची आठवण सुरू होते. आधीचं आयुष्य तिला ठाऊक नसतं, आणि ठाऊक नसलेल्या जागी ती शून्य लिहिते. शून्य हाही आकडाच आहे, म्हणून सॉफ्टवेअर तो स्वीकारतं.

अशी शून्यं वारशातच असतात असं नाही. जुन्या ब्रोकरचं ब्रोकरेज परवडेना म्हणून पुष्कळांनी खाती स्वस्तातल्या ब्रोकरकडे हलवली. शेअर एका डीमॅटमधून दुसऱ्यात गेले, किंमत आणि तारीख मागेच राहिली. नव्या ब्रोकरच्या अ‍ॅपमध्ये ती हाताने भरायची सोय असते, पण घाईत कोणी त्या दिवसाचा बाजारभाव भरतं, कोणी काहीच नाही. म्हणून आता माझा पहिला प्रश्न फाइलबद्दल नसतोच. ‘खातं कधी बदललंत का? कोणाकडून शेअर आले का? बोनस मिळाला का?’ हे विचारल्यावर लोक जरा थांबतात, आणि मग बोलू लागतात. सासऱ्यांनी लग्नात दिलेले शेअर, नवऱ्याने बायकोच्या नावावर केलेले. त्याचे नियम पुन्हा निराळे, तो नफा नवऱ्याच्याच रिटर्नमध्ये जातो. हे सगळं ऐकावं लागतं. ऐकल्याशिवाय खरेदीचा रकाना भरता येत नाही.

खर्चाच्या रकान्याबद्दल थोडक्यात. ब्रोकरेज, त्यावरचा जीएसटी, एक्स्चेंजचे आकार वजा मिळतात. एसटीटी मिळत नाही. कित्येक फाइलींत ‘एकूण आकार’ म्हणून सगळं एकत्र असतं. त्यातून एसटीटी आधी वेगळा काढावा लागतो. इंट्राडे आणि एफअँडओ हा धंद्याचा भाग, त्याची वेगळी मांडणी, वेगळा फॉर्म. तिथे जुनी खरेदी शोधण्याचा प्रश्न येत नाही, म्हणून मला ते काम सोपं वाटतं. लोकांना ते जास्त भीतीदायक वाटतं, कारण तिथे तोटे मोठे असतात.

शेवटी ताळा एआयएसशी. तिथली विक्री आणि माझी विक्री क्वचितच पैशाला पैसा जुळते. डिपॉझिटरीला ब्रोकरकडचा प्रत्यक्ष भाव ठाऊक नसतो, त्यामुळे तिथे कधी त्या दिवशीचा बंद भाव धरलेला असतो आणि खरेदीचा तर अंदाज. नवी मुलं हा फरक बघून घाबरतात आणि एआयएसमधला आकडाच रिटर्नमध्ये टाकू या म्हणतात. मी टाकत नाही. रिटर्नवर सही करदात्याची आहे, डिपॉझिटरीची नाही. कॉन्ट्रॅक्ट नोट हाताशी असताना अंदाज का घ्यायचा? एआयएसमध्येच प्रतिसाद नोंदवायची सोय आहे, माहिती पूर्णपणे बरोबर नाही असं तिथे कळवता येतं. आम्ही कळवतो, फरकाचा तक्ता काढतो आणि तो त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये ठेवतो.

अलीकडे सॉफ्टवेअर थेट ब्रोकरच्या खात्याला जोडलं जातं. लॉगिन केलं की व्यवहार आपोआप येतात, एक्सेल उघडावीच लागत नाही. तारखांची उलथापालथ त्यामुळे खरंच थांबली आहे, आणि ज्याने एकाच ब्रोकरकडे गेल्या दोन-तीन वर्षांत घेतलं आणि विकलं, त्याने ती सोय जरूर वापरावी. मीही वापरते. पण शून्य तेही आणतंच. उलट फाइल डोळ्यांखालून जात नाही म्हणून ते लवकर दिसत नाही. म्हणून आलेल्या ओळींवर मी पहिल्यांदा खरेदीच्या रकान्यावर चढता क्रम लावते. शून्यं सगळ्यात वर येतात. त्यानंतर खरेदीची तारीख क्रमाने लावते आणि एकाच दिवशी पाच-सहा कंपन्यांची खरेदी दिसली, की थांबून विचारते. साधा माणूस एका दिवशी इतक्या कंपन्या घेत नाही. बहुधा त्या दिवशी खातं हललेलं असतं, नाहीतर वारस लागलेला असतो.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे. कलमांचे आकडे बदलले, त्यामुळे ११२ए हे तोंडी बसलेलं नावही हळूहळू जाईल, परिशिष्टाचे साचे पुन्हा बदलतील आणि ब्रोकर पुन्हा नव्या एक्सेल देतील. त्याची मला काळजी वाटत नाही. साचे शिकता येतात. माझी धडपड आता वर्षाच्या दुसऱ्या टोकाला सुरू होते. एप्रिलमध्येच मी प्रत्येकाकडून हातात असलेल्या शेअर्सची यादी मागवते, विकलेल्यांची नव्हे. त्या यादीत दर ओळीला मूळ तारीख, मूळ भाव, शेअर कुठून आला आणि त्याचा पुरावा कुठे ठेवला आहे, असे चार रकाने मी जोडून देते. ज्यांचे शेअर जुने आहेत त्यांच्यासाठी भावकॉपीतला २०१८ चा चढा भाव मीच भरून पाठवते. माणूस समोर असतो, त्याला आठवत असतं, जुना ब्रोकर अजून फोन उचलत असतो, तोवर हे भरून घ्यायचं. काहीजण कंटाळतात. ‘विकायचंच नाहीये अजून, आत्तापासून कशाला?’ असं एक काका दरवर्षी म्हणतात आणि दरवर्षी भरून देतात. यंदा त्यांनी ‘कुठून आला’ या रकान्यात सहा कंपन्यांसमोर ‘वडील, १९९४, कागदी’ असं लिहून पाठवलं. आता त्या सहा कंपन्यांपैकी कोण कशात विलीन झाली, कोणाचा बोनस केव्हा आला, हे लावायचं काम हातात आहे.